चूक सांगा, चहा घ्या

दिघोरे सरांच्या तेरवीला आलेल्या माणसांनी एक वेगळीच गोष्ट केली. जेवणं आटोपल्यावर ती पडवीत सतरंजीवर बसली आणि स्वतःच्या चुका सांगू लागली.

"मी तं बाप्पा कॉम्प्युटरची रॅम उलटीच दाबत होतो," तहसीलमधले एक लिपिक म्हणाले. "दाबता दाबता अंगठ्याले फोड आला. सर म्हणे, अंगठा बदलून पाहा, नाईतं रॅम फिरवून पाहा."

"तुमचं बरं," दुसरे म्हणाले. "मी सारा कॉम्प्युटर जोडला, चार माणसं बोलावली, नारळ फोडला, आन् मशीन चालूच होईना. मागचं बटनच बंद होतं. त्या बटनाले हळदकुंकू लावलं होतं मी. तरी दाबलं नाई."

सगळे हसले. नागपूरहून आलेल्या एका नातेवाइकांनी मान वळवून रागानं पाहिलं. तेव्हा सरांच्या पत्नी निर्मलावहिनी आतून दारात आल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"सांगू द्या त्यायले," त्या नातेवाइकांना म्हणाल्या आणि सरांच्या फोटोकडे वळल्या. "यायले हेच आवडे."

मी कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. ज्या गावात माणसं चूक झाकण्यासाठी दोन नव्या चुका करतात, त्या गावात एका भूगोलाच्या मास्तरांनी इतक्यांना इतकं निर्धास्त कसं केलं, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. लिहून पाहते.

अहेरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात तुळशीराम दिघोरे भूगोल शिकवत आणि मी तिथेच ग्रंथपाल होते. सर उंच, जरासे वाकलेले. शर्टाच्या खिशात खडू आणि स्क्रूड्रायव्हर शेजारी शेजारी असत, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरचं टोक कायम पांढरं. फळ्यावर वैनगंगा काढायची झाली तर ते उगमापासून काढत नसत. खाली, जिथे ती वर्धेला मिळून प्राणहिता होते, तिथे खडू टेकवत आणि वर वर जात. मुलांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "माझा बाप डोंगा घेऊन असाच वर जाये. मले नदी खालून वरतंच माहीत आहे."

सर ढिवराच्या घरचे. चामोर्शीकडच्या नदीकाठच्या गावात त्यांचे वडील आणि काका मासे धरत, आई भागरथाबाई टोपलीत मासे घेऊन गावोगाव फिरे आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जाई. घरात शिकलेले सर पहिले. याचा त्यांना अभिमानही नव्हता आणि संकोचही. नदीविषयी बोलताना मात्र ते वर्गात आहेत हे विसरत.

कॉम्प्युटरच्या नादाला ते लागले तेही नदीपायीच. कॉलेजला एक कॉम्प्युटर मिळाला होता, पण तो प्राचार्यांच्या खोलीत कशिद्याच्या कापडाखाली झाकलेला असे. सरांना उपग्रहातून काढलेली नद्यांची चित्रं मुलांना दाखवायची होती. दोन-तीनदा परवानगी मागून झाल्यावर त्यांनी तो नाद सोडला आणि स्वतःच कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. नागपूरहून सुटे भाग आणले. बसमध्ये मदरबोर्डचा खोका मांडीवर घेऊन, लेकराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरून आणला. शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, "काय आहे त्याच्यात, फुटते का?" सर म्हणाले, "फुटत नाई बाई, पण रुसते."

तो पहिला कॉम्प्युटर रुसला नाही, जळलाच. मदरबोर्डच्या खाली बसवायचे पितळेचे बारीक पाय पिशवीतच राहिले होते आणि सरांनी बोर्ड थेट लोखंडी पत्र्यावर ठेवून स्क्रू आवळले. बटण दाबताच फट् असा आवाज झाला, घराचा फ्यूज उडाला आणि जळकट वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. वहिनी चुलीवरची भाजी लागली समजून धावल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये उभे राहिले. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी उभं राहिलं की निवृत्ती नाहीतर बदली असे. सर म्हणाले, "माह्या हातून एक चूक झाली. सांगतो. तुमच्यातलं कोणी पुढं हे काम करन, त्याले कामी येईल." आणि त्यांनी पितळेच्या पायांची हकीकत नकलेसकट सांगितली. बटण दाबताना आपला चेहरा कसा होता तेही करून दाखवलं. प्राचार्य भिंतीकडे बघत बसले. आपल्या हाताखालच्या माणसानं सगळ्यांसमोर स्वतःला असं उघडं करावं याचंच त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पण मी पाहिलं, हसून झाल्यावर गणिताचे सर हळूच म्हणाले, "मीही परवा मिक्सर उघडला होता. स्क्रू उरले चार." आणि कुणी न विचारता विषय त्या चार स्क्रूंवर गेला.

पुढे लोक सरांकडे येऊ लागले. फोटो स्टुडिओवाले, दाखले काढून देणारे, नोकरी करणाऱ्या नर्स, एखादा हौशी शेतकरी. बाजारातून तयार कॉम्प्युटर आणला तर आमच्याकडच्या उन्हात आणि येत्याजात्या विजेत तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे, आणि दुरुस्तीला पुन्हा नागपूर-चंद्रपूर गाठावं लागे. आपणच जोडलेला असला तर आपणच उघडता येतो, हे सर सांगत. ते कुणाचाही कॉम्प्युटर जोडून देत नसत. ज्याचा त्यानं घरी जोडायचा आणि सरांकडे आणून फक्त दाखवायचा.

यामागे त्यांच्या घरची एक रीत होती. ती त्यांनी मला ग्रंथालयात सांगितली, पुस्तक परत करता करता. त्यांच्या घरी नवं जाळं विणून झालं की विणणारा ते पाण्यात टाकत नसे. ते अंगणात दोन बांबूंवर उन्हात पसरायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, बहुधा बाईनं, त्यावरून बोटं फिरवायची. जिथे गाठ सुटलेली असेल, जाळ्याचं एखादं घर मोठं राहिलं असेल, तिथे थांबून मोठ्यानं ओरडायचं. सगळी आळी ऐके. विणणाऱ्यानं रागावायचं नाही, हसून चहा ठेवायला सांगायचा.

"ज्यानं जाळं विणलं त्याले त्याचं भोक दिसत नाई," सर म्हणाले. "त्याले आपली मेहनत दिसते. भोक दुसऱ्याच्या बोटाले लागते."

म्हणून सरांच्या घरी जोडलेलं कॅबिनेट उघडंच यायचं आणि त्याचं बटण जोडणारा कधीच दाबायचा नाही. आधी दुसऱ्यानं आत बघायचं. चूक सापडली की जोडणाऱ्यानं ती स्वतः मोठ्यानं म्हणायची, आणि म्हटल्याशिवाय वहिनी चहाचं आधण ठेवत नसत. चूक नाहीच सापडली तर जुनी एखादी सांगायची. "कोरा माणूस आमच्या इथी चालत नाई," सर म्हणत.

ते स्वतः कामाला बसत ते जाळं सांधणाऱ्यासारखेच. टेबल त्यांना चालत नसे. जमिनीवर चटई, पाय लांब सोडलेले, केबलचा जुडगा डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेला आणि दोन्ही हात मोकळे. बसण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून यायचे, अंगातली वीज उतरावी म्हणून. वहिनी म्हणत, "देवाले हात जोडत नाई, गजाले जोडते." केबल बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांऐवजी जाळ्याचा नायलॉन दोरा आणि त्याला अशी गाठ, की एक टोक ओढलं की सगळं सुटे.

सर्वांत जास्त ज्यावर हसलो ती हकीकत मडावीभाऊंची. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावात ते राहतात. गावच्या लोकांचे दाखले काढून देण्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर जोडला. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पातळ पत्र्याची पट्टी असते, ती सगळ्यांत आधी बसवायची. मडावीभाऊंना ती सगळे स्क्रू आवळून झाल्यावर खोक्यात दिसली. पुन्हा सगळं सोडायचं? मागून कोण बघतं? पट्टी खिडकीत ठेवून दिली. त्याच खोलीत वेचलेला मोह वाळवून ठेवलेला होता. त्या मोठ्या भोकातून उंदीर आत शिरला, त्याला कॅबिनेटमधली ऊब आवडली, आणि त्यानं मोहाची फुलं एकेक करून आत नेऊन कोठार भरलं.

"मशीन चालू केली का घरभर वास," मडावीभाऊ सरांच्या चटईसमोर बसून सांगत होते. "घरवाली म्हणे, कामाच्या नावानं आत बसता आन् पेता. मी म्हणलं, नाई वं, एक थेंब नाई. थे म्हणे, मंग काय मशीन पेते का?"

सरांनी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या फॅनभोवती मोहफुलांची रास होती. सर हसता हसता आडवे झाले. मडावीभाऊ हसत नव्हते. ते गंभीरपणे म्हणाले, "सर, तुमी एक काम करा. घरवालीले फोन लावून सांगा. माह्यावर तिचा विश्वास राह्यला नाई." सरांनी खरंच फोन लावला. भूगोलाच्या तासाला बोलत तशा आवाजात त्यांनी उंदीर, मोह आणि उष्णता यांचा संबंध समजावला. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. म्या त्यायले दोन दिवसांपासून जेवाले नाई वाढलं." त्या दिवशी मडावीभाऊंना चहाबरोबर जेवणही मिळालं.

हे सगळं वाचून सर फार मोठ्या मनाचे होते असं वाटेल. होतेही. पण त्यांच्यात एक खोड होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसऱ्याची चूक त्यांना एखाद्या पदार्थासारखी आवडे. ती ते पुन्हा पुन्हा सांगत, दर वेळी थोडं तिखटमीठ जास्त. आपल्या पडवीत जे हसू माणसाला हलकं करतं तेच चारचौघांत त्याला बोचतं, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. त्यांना स्वतःला कशाचीच लाज वाटत नसे, म्हणून इतरांनाही वाटत नसेल असं ते धरून चालत.

मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली गावात निखिल मंडल यांचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस मृदू, नीटनेटका, लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा भाऊ रडताना कधी चुकवणार नाही असा. त्यांनी जोडलेला कॉम्प्युटर काम करता करता मधेच बंद पडे. मंडलनी खोली बदलली, समोर पंखा लावला, छपराच्या पत्र्यावर पाणी मारलं, शेवटी कॅबिनेटभोवती ओली पोती लावली. मग सरांकडे आणला. सरांनी प्रोसेसरवरचा कूलर काढला, तर त्याच्या बुडाला कंपनीनं लावलेली पारदर्शक पन्नी तशीच होती. बसवण्याआधी ही काढा, असं त्या पन्नीवरच लाल अक्षरांत लिहिलेलं. उष्णता बाहेर जायची वाटच पन्नीनं अडवली होती. मंडलही तेव्हा खूप हसले आणि चहा प्याले.

पण पुढे एका लग्नात मंडल कॅमेरा खांद्यावर घेऊन काम करत असताना सरांनी ती गोष्ट वऱ्हाडाला सांगितली. ओल्या पोत्यांपर्यंत आल्यावर मांडव हसून कोसळला. तेव्हापासून मंडलना लोक "पन्नीवाला" म्हणू लागले. दुकानासमोरून जाताना पोरं हाक मारत. मंडल अहेरीला बाजाराला येत, पण सरांच्या आळीत वळेनासे झाले. "कामं वाढली असतीन," सर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं.

सरांच्या आई भागरथाबाई शेवटची काही वर्षं सरांकडे होत्या. लहानखुऱ्या, कानांनी जरा कमी, जिभेनं अजिबात कमी नाही. सरांनी त्यांचं बोलणं आणि रोवणीची गाणी रेकॉर्ड करायला घेतली. आधी त्या माइककडे पाठ करून बसत. मग सवय झाली. मी जात असे तेव्हा आतून आवाज येई. गाणं, मधेच खोकला, मधेच "दूध उतू जाईल पाह्य वं," आणि पुन्हा गाणं जिथे सोडलं तिथून. त्या गेल्या तेव्हा सर फारसे रडले नाहीत. म्हणाले, "माय पूर्ण गेली नाई, बाई. भरून ठेवली आहे."

ती हार्ड डिस्क एकच होती. सगळ्या तालुक्याला दोन प्रती काढा म्हणून सांगणाऱ्या माणसानं स्वतः काढली नव्हती. निवांत बसून, ऐकत ऐकत काढू, असं म्हणत दिवस गेले.

मग सरांनी नवा कॉम्प्युटर जोडला. या खेपेला त्यांनी कुणाला दाखवला नाही. एवढी वर्षं झाल्यावर आता काय दाखवायचं, असं वाटलं असेल. नवा मदरबोर्ड, त्यावर बसणारी, डिस्कचंच काम करणारी एसएसडीची पातळ पट्टी, आणि जुनी हार्ड डिस्क शेजारी जोडली. बटणही आपल्याच हातानं दाबलं. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला, पण त्यात जुनी डिस्क कुठेच दिसेना. केबल बदलून पाहिली. दिसेना. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, डिस्क गेली असेल, पुन्हा पुन्हा चालू करू नका, जे उरलं असेल तेही जाईल, घेऊन या, पण खात्री देत नाही. सरांनी प्लग काढला, कॅबिनेटचं झाकण लावलं आणि त्यावर वहिनींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला.

त्यानंतर त्यांच्या घरचा चहा बंद झाला. कुणी आलं की वहिनी दारातूनच सांगत, बरं नाई. कॉलेजातून तोवर ते निवृत्त झाले होते, पण ग्रंथालयात येत. येऊन वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटत नसत. एकदा मी म्हटलं, "सर, कुणालातरी बघू द्या ना. तुमचीच रीत आहे."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, झाकण बंद आहे तोवर माय आत आहे. उघडलं आन् नसली, तं मंग?"

मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत राहिले. 

शेवटी वहिनींनी मंडलना फोन केला. मंडलच का, हे मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "बाकीच्यायले मी सांगतलं असतं तं ते हळहळले असते. मंडलभाऊ रागात होते. रागातला माणूस नीट पाह्यते."

बाजाराच्या दिवशी मंडल आले. वहिनींनी मलाही बोलावून घेतलं होतं, बाहेरच्या माणसासमोर सर ओरडणार नाहीत म्हणून. मंडल दारात चपला काढून उभे राहिले. सरांनी त्यांना पाहिलं, मग लुगड्याच्या तुकड्याखालच्या कॅबिनेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते सोडून काहीही बोल, निखिल."

"मी ते पाह्याले आलोच नाई, दादा," मंडल म्हणाले. "मी चूक सांगाले आलो. वहिनी, चहा नंतर ठेवा. पयले ऐका."

ते चटईवर बसले. सरांच्या डोळ्यांकडे न बघता बोलू लागले.

"दोन वर्षं झाली. मी स्टुडिओचा नवा कॉम्प्युटर जोडला. तुमच्याकडं आणला नाई. काऊन आणला नाई ते तुमाले माहीत आहे."

"काऊन?" सर म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पन्नीवाला म्हणते ना दादा मले सारा बाजार. माह्या पोरीले शाळेत म्हणते. आता अजून एक नाव कशाले पाहिजे?"

 वहिनींनी मान खाली घातली.

"तं त्या कॉम्प्युटरमध्ये माही जुनी डिस्क दिसेना," मंडल पुढे म्हणाले. "लग्नांचे व्हिडिओ होते. लोकायले काय तोंड दाखवू? मी समजलो, मेली. नवी घेतली. जुनी पोत्यात गुंडाळून माळ्यावर फेकली. आन् मंग बऱ्याच महिन्यांनी एका पोरानं सांगतलं का काका, या बोर्डावर ती एसएसडीची पातळ पट्टी या खाचेत बसवली, का केबल लावाची बाजूची दोन तोंडं आपोआप बंद होते. त्याच्यात काय बी लावा, दिसत नाई. दुसऱ्या तोंडात लावा. माळ्यावरची डिस्क काढली, दुसऱ्या तोंडात लावली. सारी लग्नं जशीच्या तशी. एवढी येड्यासारखी चूक होती का मी बायकोलेही नाई सांगतली. तुमाले तं कशाले सांगतो? आज वहिनीचा फोन आला आन् मी समजलो. ते मी सांगतलं असतं तं तुमचे हे दिवस गेले नसते."

 सरांनी कॅबिनेटकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाचा होता, ज्याला आतून बोलावणं आलं आहे आणि उठवत नाही.

"माहाही बोर्ड तसाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

सर उठले, खिडकीच्या गजाला हात लावला, परत आले आणि चटईच्या कडेला बसले. "तू उघड," म्हणाले. "माह्यानं होत नाई."

मंडलनी लुगड्याचा तुकडा नीट घडी करून वहिनींच्या हातात दिला. झाकण काढलं. मोबाइलचा उजेड आत पाडून डोकं वाकवून पाहिलं, बोटानं केबलचा माग काढत गेले, आणि एका ठिकाणी बोट थांबलं. त्यांनी केबलचं टोक काढलं आणि दोन तोंडं सोडून पलीकडे बसवलं. एवढंच. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "तुमी दाबा."

वहिनींनी आयुष्यात कधी ते बटण दाबलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि दाबलं. पडदा उजळला. मंडलनी दोनदा माउस हलवला आणि बाजूला सरकले. पडद्यावर डिस्क होती. तिच्यात "माय" नावाचं एकच फोल्डर होतं. सर बघत राहिले, हात लावेनात. शेवटी मंडलनीच एक फाइल उघडली.

गाणं आलं नाही. आधी भांड्यांचा आवाज आला, मग भागरथाबाईंचा, अगदी जवळून, चिडलेला: "तुळशा, बंद कर ना बाप्पा ते. पेज थंडी होऊन राह्यली. अगुदर जेव, मंग भरत बस माही बडबड."

सर उठून मागच्या दारी गेले. रांजणातलं पाणी तोंडावर मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आत भागरथाबाई आता गात होत्या आणि वहिनी भिंतीला टेकून रडत हसत होत्या. मला स्वतःला काय झालं होतं ते मी नीट सांगू शकत नाही. कुणीतरी हरवलेलं मूल जत्रेतून हात धरून परत आणून द्यावं आणि त्या मुलाच्या तोंडाला साखरेचा पाक लागलेला असावा, तसं काहीसं.

सर तोंड पुसत आले ते सरळ मंडलसमोर बसले.

"निखिल, चूक झाली माही."

"झाली ना दादा. त्या तोंडाचं बोर्डाच्या पुस्तकातच लिहून आहे. पन्नीवर लिहून होतं तसंच."

"ते नाई. ते तं झालंच. मी तुही गोष्ट मांडवात सांगतली, ते. तुही होती, तुनं इथी सांगतली होती. मले बाहेर न्याचा हक्क नवता."

मंडल जरा वेळ चटईच्या काड्या मोजल्यासारखे करत राहिले. मग म्हणाले, "तुमी सांगतली ते चांगली सांगतली होती, हे बी खरं आहे. पोती दोनच होती पण. तुमी सहा केली."

वहिनी आत गेल्या आणि आधण ठेवल्याचा आवाज आला.

पुढल्या दिवसांत मुलचेऱ्याच्या बाजारात सर स्वतः गेले. चहाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी आपली हकीकत, बंद तोंडांची, प्रत न काढल्याची, लुगड्याच्या तुकड्याची, सगळ्यांना सांगितली आणि मंडलचं नाव सोडवणारा म्हणून घेतलं. मंडल म्हणतात, पन्नीवाला हे नाव पूर्ण पुसलं गेलं नाही, पण आता पोरं हाक मारतात तेव्हा ते मागं वळून बघू शकतात.

घरी बसून सरांनी पेनड्राइव्हवर प्रती काढल्या, भावासाठी आणि बहिणींसाठी, प्रत्येकासाठी एक. प्रत काढताना सगळं ऐकलं, घाई केली नाही. मग त्या प्रती आपल्या हातानं द्यायला निघाले. चामोर्शीकडे बहिणी, पुढे नदीकाठी गावात भाऊ. त्या फेरीतून ते परतले नाहीत. भावाच्या घरी, जेवून अंगणात बाजेवर आडवे झाले आणि सकाळी उठले नाहीत. भाऊ सांगत होता, त्या आधी सगळ्या घरानं मायचं गाणं ऐकलं होतं. वाईट वाटतं, पण त्याखाली दुसरंच काही वाटतं आणि ते सांगायला मला संकोच होत नाही. ते आईला सोडवून गेले. त्या बंद झाकणाजवळ बसल्या बसल्या गेले असते तर मला आज हे लिहिता आलं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या फेरीला निघाले त्या सकाळी, अहेरीच्या बसस्थानकावर. मी दुसऱ्या कामानं गेले होते. बस भरलेली, चालक अजून खाली उभा. सर खिडकीजवळ होते, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी एक म्हातारी बाई, सुकटाची टोपली पायांत धरून बसलेली, त्यांच्या ओळखीची नसावी. सरांनी मोबाइलला लावलेल्या इअरफोनचं एक टोक आपल्या कानात घातलं होतं आणि दुसरं त्या बाईच्या कानात. बाईनं डोळे मिटले होते आणि टोपलीच्या काठावर बोटांनी ठेका धरला होता. मग तिचे ओठ हलू लागले, मायचं ते गाणं तिलाही येत असावं. सरांनी आपल्या कानातलं टोक काढलं, वाकून तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि ऐकू लागले. मी हात वर केला होता, तो खाली घेतला. चालक चढला, बस वळली, आणि सर तसेच वाकलेले होते.